नर्फ मॅव्हरिक रेव्ह-६: जुना नग घेण्याआधी काय तपासायचं

२००५ साली नर्फ या खेळण्यांच्या ब्रँडच्या एन-स्ट्राइक मालिकेत आलेला मॅव्हरिक हा सहा डार्टचा, रिव्हॉल्व्हरसारखा सिलिंडर असलेला ब्लास्टर, म्हणजे फोमचे डार्ट उडवणारी खेळण्यातली बंदूक. स्लाइड मागे ओढायची, सोडायची, ट्रिगर दाबायचा. बॅटरी नाही, पंप नाही. एक स्प्रिंग, हवा ढकलणारा एक दट्ट्या आणि डार्ट बसायची सहा घरं, एवढ्यावर सगळं चालतं. वर्षानुवर्षं भरपूर विकला गेलेला आहे, तेव्हा कोणी ‘दुर्मिळ’ म्हणून किंमत चढवत असेल तर सरळ पुढे जा. बंद खोक्यातला, कागदपत्रांसकट नग असेल तर गोष्ट वेगळी.

बाहेरच्या चकाकीवर जाऊ नका. कवच धुऊन-पुसून नव्यासारखं दिसतं, पण खरी अवस्था सिलिंडर सांगतो. तो बाजूला उघडून समोरून प्रत्येक घरात डोकावा. तळाशी एक छोटी खुंटी दिसेल. हा हवेचा अडसर. डार्ट आत गेला की खुंटी दाबली जाते आणि हवेला वाट मिळते. घर रिकामं असेल तर वाट बंद. पेन्सिलीच्या बोथट टोकाने सहाही खुंट्या एकेक करून हलकेच दाबा. दाबताच आत जाऊन लगेच परत यायला हव्यात. एखादी अडकत असेल तर बहुतेक वेळा धूळ किंवा फोमचा चुरा असतो, तो निघतो. खुंटीच गायब असेल तर आधीच्या मालकाने जास्त जोर मिळावा म्हणून ड्रिलने अडसर उडवलेले असावेत, असं समजा.

त्याची खात्री आवाजानेही होते. एकदाच, रिकाम्या घरावर उडवून बघा. अडसर शाबूत असतील तर हवा आत कोंडते, दट्ट्याला उशी मिळते आणि आवाज दबका येतो. अडसर काढलेल्या नगात दट्ट्या प्लास्टिकवर खाडकन आपटतो. असा नग दोन-चार वर्षं रिकामाच उडवला गेला असेल तर दट्ट्या ज्या नळीत सरकतो तिच्या टोकाला बारीक तडे शोधा.

आता सहा डार्ट भरून सगळे उडवा. एकच घर मवाळ मारत असेल तर दोष त्या घराच्या अडसराचा. सहाही सारखेच मवाळ असतील तर दट्ट्याची रबरी रिंग वाळलेली आहे, स्प्रिंग थकली आहे किंवा सिलिंडर आणि नळी यांच्यातल्या फटीतून हवा पळते आहे. ही फट मॅव्हरिकचं जन्मजात दुखणं. थोडी प्रत्येक नगात असते. ताणलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिलेल्या नगाची स्प्रिंग बसलेली असते, म्हणून ‘शेवटचा कधी वापरला, कसा ठेवला होता’ हे विचारून घ्या.

स्लाइड ओढल्यावर स्पष्ट ‘टक्’ ऐकू यायला हवं. ती अडकत नसेल, किंवा ट्रिगरला हात न लावता सुटत असेल, तर दट्ट्या ताणून धरणारा आतला खटका झिजला आहे किंवा त्याची स्प्रिंग निसटली आहे. निसटली असेल तर दुरुस्ती सोपी. झिजल्याचं कारण बहुधा मूळ स्प्रिंगच्या जागी बसवलेली कडक स्प्रिंग असते, आणि प्लास्टिकचा खटका तिच्यापुढे फार दिवस टिकत नाही. स्क्रूंच्या डोक्यांवर ओरखडे असतील, एखादा स्क्रू नसेलच, तर नग उघडलेला आहे. सिलिंडर बोटाने गरगर फिरत असेल, कुठेच थांबत नसेल, तर आतला खाचेचा भाग काढलेला आहे. सिनेमातल्यासारखा फिरवायला मजा येते खरी, पण मग घर नळीसमोर नेमकं येईल याचा भरवसा नाही. मूळ नगात सिलिंडर पुरता बाहेर येत नाही, सगळी घरं भरायला तो हाताने फिरवावाच लागतो. तो बिघाड नव्हे.

उघडायची वेळ आलीच तर कवचाचा अर्धा भाग सावकाश वर उचला, कारण ट्रिगरची आणि खटक्याची स्प्रिंग उडून कुठे जाते ते कळत नाही. आधी फोटो काढून ठेवा. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, तांदळाच्या दाण्याएवढं पुरे. यंत्राचं तेल किंवा गंज सोडवायचे स्प्रे नकोत. रबर फुगतं आणि प्लास्टिक ठिसूळ होतं. साफसफाईला कोमट साबणपाणी. नेलपॉलिश काढायचं द्रव चुकूनही नको, एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं. परत बसवताना स्क्रू बेताने आवळा, प्लास्टिकच्या आट्या एकदा गेल्या की स्क्रू धरत नाही.

सोबत आलेल्या जुन्या डार्टवरून ब्लास्टरची पारख करू नका. फोम वयाने कडक होतो, आकसतो, टोकाचा गोंद सुटतो. साधारण ७२ मिलिमीटर लांबीचे, मागून पोकळ असलेले नवे डार्ट घेऊन बघा. आखूड, अर्ध्या लांबीचे डार्ट यात घालू नका. उडवताना डोळ्यांवर चष्मा हवाच, टोक सुटलेला डार्ट तर फेकूनच द्या.

चांगला नग सरळ धरून आठ-नऊ मीटर मारतो, त्याहून जास्त अपेक्षा नको. नर्फच्याच २०१२ च्या एलिट मालिकेच्या जाहिरातीत ७५ फुटांचा (साधारण २३ मीटर) दावा होता, त्या तुलनेत हा म्हातारा आहे. मुलांना खेळायलाच हवा असेल तर नर्फचाच २०१३ चा स्ट्राँगआर्म घ्या. सिलिंडर नीट उघडतो आणि ट्रिगर दाबून ठेवून स्लाइड ओढत सलग उडवता येतं. मॅव्हरिक घ्यायचा तो हातात बसणारी मूठ आणि स्लाइडचा खणखणीत ठेका यांसाठी, आणि तोही न उघडलेला, सहाही खुंट्या शाबूत असलेला नग मिळाला तर. अडसर काढलेला, कडक स्प्रिंग घातलेला नग फक्त सुट्या भागांसाठी घ्या, आणि भाव त्याच हिशेबाने पाडून मागा.