शार्डलेक सिरीज: सातही भाग पचवल्यावर

सी. जे. सॅन्समचा 'डिसोल्यूशन', म्हणजे या ऐतिहासिक डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांचा पहिला भाग, पावसाळ्यात सहज म्हणून उचलला होता, एकच पुस्तक वाचायचं असं ठरवून, आणि आता सातवा भाग संपवून परत दुसऱ्यावर आलेय. तेव्हा लिहायला हरकत नाही. खुनी कोण ते सांगत नाही, निर्धास्त वाचा.

1537 चा हिवाळा, इंग्लंड. आठव्या हेन्रीने पोपशी काडीमोड घेतलाय आणि मठ एकेक करून सरकारजमा व्हायला लागलेत. ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या एका मठात (हा काल्पनिक) चौकशीला गेलेल्या सरकारी कमिशनरचं मुंडकं मठाच्याच स्वयंपाकघरात धडावेगळं सापडतं, तेही एका घावात, आणि राजाचा उजवा हात थॉमस क्रॉमवेल लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतल्या मॅथ्यू शार्डलेक नावाच्या वकिलाला तिकडे पिटाळतो. शार्डलेकच्या पाठीला कुबड आहे, बर्फात घोड्यावरून रपेट झाली की पाठ धरते, लोक टक लावून बघतात ते वेगळंच. डिटेक्टिव्ह व्हायची याला काडीची हौस नाही.

आता नाखूश डिटेक्टिव्ह काय, पैशाला पासरी मिळतात. पण इथे ती नाखुशी नुसती पोज नाहीये, आणि ते मला कळलं दुसऱ्या भागात, 'डार्क फायर'मध्ये. 1540 चा उन्हाळा, चुलतभावाला विहिरीत ढकलल्याचा आरोप असलेली एक मुलगी कोर्टात तोंडच उघडत नाही. गुन्हा कबूल आहे की नाही एवढंही बोलत नाही, आणि त्या काळचा कायदा असा की आरोपी बोलल्याशिवाय खटला चालवता येत नाही, म्हणून मग अंगावर वजनं ठेवत जायचं, बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत. त्यात अशा गुन्ह्यात आरोपीच्या बाजूने वकिलाला नीट उभंच राहता यायचं नाही (हा हक्क इंग्लंडमध्ये 1836 साली मिळाला, म्हणजे बघा). मग तिचा वकील शार्डलेक करणार काय? कोर्टात बोलायची सोय नाही तर बाहेर फिरून खरं काय घडलं ते शोधणं एवढंच हातात उरतं. त्यात क्रॉमवेल तिला थोड्या दिवसांची मुदत मिळवून देतो आणि बदल्यात स्वतःचं एक भलतंच काम शार्डलेकच्या गळ्यात मारतो. अडकला बिचारा. मला वाटतं सगळ्या सिरीजचं इंजिन हेच आहे, माणूस हौसेने नाही, कायद्याच्या कोंडीमुळे तपासाला लागतो.

आणि तो विचारही वकिलासारखाच करतो. भिंगबिंग काही नाही, हिशेबाच्या वह्या, जमिनीचे व्यवहार, कुणाच्या सहीने काय विकलं. आपल्याकडे सातबारा घेऊन बसलेला खमका वकील जसा भाऊबंदकी उलगडतो ना, तस्सं. सॅन्सम स्वतः इतिहासात पीएचडी आणि पेशाने सॉलिसिटर होता, ते पानोपानी जाणवतं.

आपल्याला ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की राजा हिरो हवा असतो. इथला राजा 'सॉव्हरिन'मध्ये भेटतो, 1541 मध्ये हेन्री लवाजमा घेऊन यॉर्कला येतो तेव्हा. शहराबाहेर सगळे गुडघे टेकून बसलेत, शार्डलेकला लोकांचे अर्ज राजाच्या पुढ्यात द्यायचेत, आणि तो अवाढव्य माणूस सगळ्यांदेखत त्याच्या कुबडावरून टोमणा मारतो. लोक हसतात, हसावंच लागतं. पुढे कित्येक पानं जो भेटेल तो याच्याकडे त्याच नजरेने बघतो. खुनापेक्षा मला तो प्रसंग जास्त लागला.

कुरकुरी आहेतच. पाठदुखी आणि उकाडा/गारठा दर प्रकरणात. 'रेव्हेलेशन'मधला सिरीयल किलर मला पटला नाही, तिथे लेखक धक्के द्यायच्या मागे लागलाय. 'हार्टस्टोन' मध्यावर रेंगाळतो. शेवटचा 'टूमलँड' आठशेच्या वर पानांचा, 1549 चं केटचं शेतकऱ्यांचं बंड जबरदस्त उभं केलंय पण खुनाचं काय झालं हे मधे शंभर पानं कुणी विचारतच नाही. शिवाय झोपून वाचायला गेलात तर नाकावर पडेल. माझ्या एका प्रतीची पानं सुटली, बारीक टाइप, चाळिशी लागलेल्यांनी ई-बुकच घ्या.

एक मात्र खरं, खुनी माहीत असतानाही दुसऱ्यांदा वाचताना मजा कमी होत नाहीये. उलट आता कळतंय, क्रॉमवेलवर भाबडा विश्वास असलेला माणूस किती हळूहळू त्यातून उतरत गेलाय ते. पहिल्या वेळी मी ती पानं भराभर उलटली होती.

ओटीटीवर 2024 मध्ये सिरीज आली, पहिल्याच भागावर, चारच एपिसोड. शॉन बीनचा क्रॉमवेल बघण्यासारखा आहे. लेखक ती यायच्या जेमतेम काही दिवस आधी गेला, त्यामुळे आठवा भाग नाही.

वाचायचं तर क्रमानेच वाचा. पहिल्या भागातला असिस्टंट मार्क डोक्यात जातो, माझ्याही गेला, पण म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्यात शिवराळ तोंडाचा बराक यायचाय.