मोबाइल, एसी की अमेरिका : अंबडच्या प्रेसशॉपने पुढची डाय कुणासाठी टाकावी?

हा आढावा सगळ्यांसाठी नाही. नाशिकच्या अंबड, सातपूर किंवा सिन्नरला तुमचं प्रेसशॉप (पत्र्याचे भाग दाबून काढायचा कारखाना) आहे, चार-पाच पॉवर प्रेस आहेत, टूलरूम घरचं आहे. तांब्या-पितळेचे कॉन्टॅक्ट, टर्मिनल, क्लिप असा माल स्विचगिअरवाल्यांना (विजेचे स्विच-ब्रेकर बनवणाऱ्यांना) जातो. आता कोटभर रुपये घालायची तयारी आहे (त्यातले निम्मे बँकेचे). अशा माणसासाठी हे लिहितोय. गेली दीड-दोन वर्षं त्याच्या कानावर एकच पडतंय: टॅरिफ वाढले, कंपन्या कारखाने आपापल्या देशात आणतायत, लोकल व्हेंडर लागणार, शिरून घ्या. मी तीस वर्षं डाय, म्हणजे प्रेसवर पत्रा कापायचे-वळवायचे साचे, बनवतोय. ‘शिरून घ्या’ म्हणणारे पुष्कळ भेटले, कुठून शिरायचं ते सांगणारा क्वचितच.

वाटा तीन दिसतात. मोबाइल-लॅपटॉपचे सुटे भाग. एसी, वॉशिंग मशीन असल्या जड घरगुती यंत्रांचे भाग. आणि आहे तोच तांब्याचा माल थेट अमेरिकेला. ओझरच्या विमान कारखान्याच्या कामाचं गणित वेगळं आहे, ते इथे धरलेलं नाही.

आधी शुल्क वाचायचं कसं

सरकारच्या एका कागदाने काय होतं, ते नाशिककराला कांद्याने शिकवलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि लासलगावचे लिलाव बंद पडले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते २० वर आलं, १ एप्रिल २०२५ ला गेलं. माल तोच, शेत तेच, भाव कागदाने हलवला. आयातशुल्कही तसंच, फक्त दार उलटं.

पण नुसता दर बघून कोणी कारखाना टाकत नाही. तयार मालावरचं शुल्क आणि त्याच्या सुट्या भागांवरचं शुल्क यांत अंतर किती, ते बघून टाकतात. मोबाइलवर जुलै २०१७ मध्ये १० टक्के आयातशुल्क लागलं, डिसेंबरात १५ झालं आणि २०१८ च्या अर्थसंकल्पात २०. तेव्हा दहा हजारांचा फोन तयार आणला तर दोन हजार सरकारजमा. तोच फोन सुटा आणला तर बऱ्याच भागांवर त्याहून कमी. मधले पैसे इथल्या जोडणीचा खर्च भरून काढतात. शेड, कामगार, वीज सगळं त्या अंतरावर उभं राहतं.

अंतर उलटं झालं, म्हणजे भाग महाग आणि तयार माल स्वस्त, तर त्याला इन्व्हर्टेड ड्युटी म्हणतात. तेव्हा इथे बनवणाऱ्यालाच दंड बसतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात शाळा-ऑफिसात लागतात त्या इंटरॅक्टिव्ह फ्लॅट पॅनलवरचं शुल्क १० वरून २० केलं आणि आतल्या ओपन सेलचं (पडद्याच्या मूळ काचेचं) ५ वर आणलं, ते अंतर सरळ करायलाच. अमेरिकेने तांब्याच्या बाबतीत १ ऑगस्ट २०२५ पासून हेच केलं: कच्चं कॅथोड (शुद्ध तांब्याच्या लाद्या) मोकळं, पत्रा-वायर-पाइपसारखा अर्धतयार माल आणि कनेक्टर, इलेक्ट्रिकल भाग यांच्यातल्या तांब्याच्या किमतीवर ५० टक्के लावले. तुमच्या भागाचं शुल्क तपासताना त्याच्या वरच्या आणि खालच्या पायरीचंही तपासा. एकटा आकडा फसवतो.

मोबाइल : कवच ज्याच्यासाठी, तोच उतरवायला सांगणार

कागदावर ही वाट सगळ्यात देखणी. सरकारच्या आकड्यांनुसार देशातलं इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन २०१४-१५ मध्ये सुमारे १.९ लाख कोटींचं होतं, २०२४-२५ मध्ये ११.३ लाख कोटींचं. मोबाइल बनवणारी युनिटं दोनावरून तीनशेच्या आसपास गेली. सरकारच्या २०१७ च्या टप्प्याटप्प्याने भाग देशात बनवायच्या कार्यक्रमात चार्जर, बॅटरीनंतर ‘मेकॅनिक्स’ आणि डाय-कट भागांचा नंबर लावला होता. म्हणजे आपलंच काम, असं तेव्हा मलाही वाटलं.

मग मी त्यात पडलो. एका कंपनीच्या चार्जरच्या पिनसाठी प्रोग्रेसिव्ह डाय (एकाच डायमध्ये टप्प्याटप्प्याने भाग बनवणारी) केली. चार महिने डेव्हलपमेंट, तीनदा सॅम्पल नापास, चौथ्यांदा पास. माल सुरू झाला आणि आठ महिन्यांनी मॉडेल बदललं. पिन अर्ध्या मिलिमीटरने वेगळी. डायचे पैसे पीसमागे वसूल करायचं ठरलेलं, ते निम्मेही निघाले नव्हते. स्विचगिअरचा कॉन्टॅक्ट एकदा पास झाला की दहा-दहा वर्षं तोच चालतो. आपली सगळी शिस्त त्या कामावर घडलेली. मोबाइलवाल्याचं घड्याळ वेगळं चालतं, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी किंमत स्विचगिअरच्या हिशोबाने लावली. चूक माझी.

पण खरी गोम त्याच्या पुढे आहे. फोन देशातच विकला जात होता तोवर जोडणीवाल्याला शुल्क हवं होतं. २०२४-२५ पर्यंत मोबाइलची निर्यात सुमारे २ लाख कोटींवर गेली. आता तोच जोडणीवाला म्हणतो, मला व्हिएतनाम-चीनशी भिडायचंय, माझे भाग स्वस्त करा. जानेवारी २०२४ मध्ये बॅक कव्हर, लेन्स असल्या भागांवरचं शुल्क १५ वरून १० झालं. त्याच जुलैत फोन, चार्जर आणि जोडलेला बोर्ड २० वरून १५ वर आले. देशाच्या दृष्टीने शहाणपणाचंच पाऊल. पण पंधराच्या भिंतीमागे कर्ज काढून बसलेल्या प्रेसशॉपचं काय? तुमचं गिऱ्हाईक जितकं यशस्वी, तितकी तुमची भिंत खाली.

अनुदानाच्या आशेने जाणार असाल तर उंबरठे बघा. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या २२,९१९ कोटींच्या सुटे भाग योजनेत इलेक्ट्रोमेकॅनिकल भागांसाठी किमान गुंतवणूक ५० कोटी होती, मोबाइल-लॅपटॉपच्या एन्क्लोजरसाठी (बाहेरच्या कवचासाठी) ५०० कोटी. आपला कोट त्या दारातून आत जात नाही. जो आत गेला त्याचा व्हेंडर होता येईल, एवढंच. शिवाय मोठी जोडणी श्रीपेरुम्बुदूर, होसूर, नरसापूर, देवनहळ्ळी या तमिळनाडू-कर्नाटकच्या पट्ट्यात. नाशिकहून हजार किलोमीटरच्या पुढे. रिजेक्शन आलं की माणूस पाठवायला एक दिवस, परत यायला एक.

एसी-वॉशिंग मशीन : वजन हीच भिंत

या वाटेबद्दल फारसं कोणी बोलत नाही, म्हणून मला ती आवडते.

शुल्क इथेही आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये एसी, फ्रिज आणि दहा किलोपर्यंतच्या वॉशिंग मशीनवरचं शुल्क १० वरून २० केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये गॅस भरलेले एसी आयात करायलाच बंदी आली. २०२१ मध्ये एसी आणि एलईडीसाठी ६,२३८ कोटींची प्रोत्साहन योजना आली. पण शुल्क उद्या निम्मं झालं तरी कारखाना उठून जाईल असं मला वाटत नाही. एसीच्या खोक्यात निम्मी हवा असते, आणि ती हवा जहाजातून आणायला भाडं पडतं. फोन खिशात मावतो, विमानाने जातो. २०२५ च्या मार्चमध्ये टॅरिफच्या आधी पोचवायला चेन्नईहून आयफोन विमानं भरभरून अमेरिकेला गेलेच. वॉशिंग मशीन असं कोण नेणार?

याचा दाखला अमेरिकेतच आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी आयात वॉशिंग मशीनवर जादा शुल्क लावलं. सॅमसंगने साउथ कॅरोलायनातल्या न्यूबेरीला आणि एलजीने टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलला कारखाने काढायचं त्याच्या आधीच, २०१७ मध्ये जाहीर केलं होतं. नुसत्या चाहुलीनेच काम झालं. अर्थतज्ज्ञांनी मागाहून हिशोब केला तेव्हा मशीनच्या किमती सुमारे १२ टक्के वाढलेल्या, जोडीने विकल्या जाणाऱ्या ड्रायरच्याही वाढलेल्या, आणि नव्या नोकऱ्या सुमारे १,८००. एका नोकरीमागे गिऱ्हाइकांनी वर्षाला ८ लाख डॉलरहून जास्त मोजले. गिऱ्हाईक म्हणून हा सौदा वाईटच. पण २०२३ मध्ये ते शुल्क संपलं आणि कारखाने जागेवर राहिले. व्हेंडरच्या खुर्चीत बसून बघाल तर तुम्हाला महत्त्वाचं ते शेवटचं.

आपल्याला जवळचं म्हणजे पुणे जिल्ह्यातलं रांजणगाव. एलजी, हायर तिथेच आहेत. सकाळी सॅम्पल घेऊन निघालं तर रात्री जेवायला घरी. माल ब्रॅकेट, मोटारचे टर्मिनल, अर्थिंगच्या पट्ट्या असला, तुमच्या पोरांच्या हातातला. वाईट काय? भाव चोळामोळा करून घेतात. आणि हंगाम! एसीचं काम थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, नंतर प्रेस मोकळ्या. त्या मोकळ्या महिन्यांत स्विचगिअर भरायचं जमलं तरच हे गणित बसतं. जुन्या गिऱ्हाइकाला तोडून या वाटेला जाऊ नका.

अमेरिका : दोन प्रकारचे टॅरिफ, दोन प्रकारचे परिणाम

निर्यात करणाऱ्यांचं २०२५ कसं गेलं ते अंबडमध्ये कोणालाही विचारा. २ एप्रिलला भारतासाठी २६ टक्के जाहीर झाले, आठवड्यात ते थांबवून १० ठेवले, ७ ऑगस्टला २५, आणि २७ ऑगस्टला रशियन तेलाचं कारण देऊन आणखी २५. पाच महिन्यांत चार आकडे. पीओ (खरेदीची ऑर्डर) आली एका दरावर, माल उतरला दुसऱ्यावर. स्मार्टफोन, संगणक मात्र एप्रिलच्या ११ तारखेलाच वगळले गेले होते. आयफोनला सूट मिळाली, त्याला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या तुकड्याला नाही.

तरी सगळे टॅरिफ एका मापाने मोजू नका. देश बघून लावलेलं शुल्क जास्त मारक. २०२५ मध्ये भारतावर ५० आणि व्हिएतनामवर २० होते, तेव्हा खरेदीदार एका मेलवर तिकडे वळू शकत होता. माल बघून सगळ्या देशांवर सारखं लावलेलं, म्हणजे ते तांब्याचं ५० टक्के, सोसायला तुलनेने सोपं. कारण खरेदीदाराला पळायला दुसरा देश नाही, फक्त अमेरिकेतलाच प्रेसशॉप आहे. आणि तो एका दिवसात उभा राहत नाही. तैवानच्या चिप बनवणाऱ्या टीएसएमसीने ॲरिझोनाचा कारखाना मे २०२० मध्ये जाहीर केला, उत्पादन २०२४ च्या शेवटी सुरू झालं. ॲपलने ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या गुंतवणुकीचा आकडा चार वर्षांत ६०० अब्ज डॉलरवर नेला, पण त्या घोषणेत ठोस काय आहे ते बघा. केंटकीत कॉर्निंगच्या कारखान्यात फोनची काच आणि अडीच अब्ज डॉलर. काच तिथे आधीपासून बनतच होती. घोषणा वाचताना नवी वीट आणि जुन्या भिंतीला नवा रंग यातला फरक ओळखायला हवा.

म्हणून जुनी निर्यात असेल तर ती टिकवा, गरज पडली तर थोडा भाव सोसूनही. पण नव्याने फक्त अमेरिकेसाठी डाय टाकणं मला आज धाडस वाटतं.

शेजारी शेजारी ठेवलं तर

पैसा किती अडकतो? मोबाइलला हायस्पीड प्रेस, व्हिजन इन्स्पेक्शन (कॅमेऱ्याने तपासणी), धूळबंद पॅकिंग. तुमचा कोट तिथेच संपला. एसीला आहे त्या प्रेसवर काम, नवा खर्च मुख्यतः डायचा. अमेरिकेला मशीन जुनी चालते, पैसा अडकतो समुद्रात आणि उधारीत.

डाय किती दिवस जगते? मोबाइल महिन्यांत मोजा, एसी वर्षांत. अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल मालात डाय सगळ्यात जास्त जगते, ऑर्डर कधी मरेल ते सांगता येत नाही.

पैसे कधी येतात? देशातल्या दोन्ही वाटांना तुमच्याकडे उद्यमची (लहान उद्योगांची सरकारी) नोंदणी, सूक्ष्म किंवा लघु म्हणून, हवीच. ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी आयकरात दाखवता येतो. या नियमाने सगळ्यांची उधारी सुधारली असं नाही, पण फोनवर बोलायला एक मुद्दा मिळाला.

शुल्क उद्या गेलं तर? मोबाइलचा भाग बाहेरून येईल. एसीचा बहुधा इथेच बनेल. अमेरिकेचं गेलं तर उलट तुमचा फायदाच.

मी तुमच्या जागी असतो तर कोटातले साठ-पासष्ट लाख एसी-वॉशिंग मशीनच्या डायांवर घातले असते, उरलेले खेळतं भांडवल म्हणून ठेवले असते. मोबाइलचं काम आलंच तर फक्त जॉबवर्क (मजुरीवर काम), गिऱ्हाइकाच्या डायवर. ज्याचं सिन्नरला मोठं शेड आहे आणि मागे मोठा भागीदार आहे, त्याने मोबाइलचा विचार जरूर करावा. त्याच्यासाठी माझं उत्तर वेगळं असेल.

कोणतीही वाट धरा, पीओवर सही करण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या. डायची मालकी कोणाची. मॉडेल बंद पडलं तर डायचे उरलेले पैसे एकरकमी देणार का. आणि तांब्याचा भाव कोणत्या तारखेचा धरायचा. तिसऱ्यावर बहुतेक खरेदी अधिकारी ‘बघू’ म्हणतात. त्या ‘बघू’वर सही करू नका.