एआय कोडिंग असिस्टंट, काही महिन्यांच्या वापरानंतर: रिपोर्ट झकास, पण ‘ऱ्य’ने जीव खाल्ला

असिस्टंट म्हणजे सांगू तसा कोड लिहून देणारा एआय मदतनीस. तो एडिटरमध्ये कसा बसवायचा यात न शिरता थेट अनुभवावर येतो. आम्ही दोघे मिळून सार्वजनिक ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअर करतो. सभासद, वर्गणी, अनामत, देवघेव, दाखल रजिस्टर आणि मार्चनंतरचा वार्षिक अहवाल, एवढा सगळा पसारा. कोड पायथनमध्ये, डेटाबेस पोस्टग्रेस आणि वरून थोडं जावास्क्रिप्ट. डेटा जवळजवळ सगळा मराठीत.

आधी पैशाचं. महिन्याला 20 डॉलर, त्यावर 18 टक्के जीएसटी, शिवाय कार्डवाल्या बँकेचा चलनबदलीचा आकार. बिल दोन हजारांच्या आसपास जातं. आमच्या चार-पाच ‘ड’ वर्गातल्या, म्हणजे सगळ्यात लहान ग्रंथालयांची वर्षभराची देखभाल फी या एकाच गोष्टीत संपते. त्यामुळे मी हा हिशोब घालूनच वापरतो आणि हा रिव्ह्यूही तसाच वाचावा.

जे चांगलं आहे ते खरोखर चांगलं आहे. एक्सेलमधून सभासद आयात करायची स्क्रिप्ट, डेटाबेसच्या टेबलात नवा रकाना वाढवणं, थकीत वर्गणी शोधणारी क्वेरी, पीडीएफ पावती, ही सगळी कामं तो चहा संपायच्या आत करून देतो आणि बहुतेक वेळा नीट करतो. सगळ्यात मोठा आनंद जुन्या डेटानं दिला. एका वाचनालयाची पुस्तकयादी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये होती, तीही युनिकोड ही आजची अक्षरपद्धत येण्याआधीच्या फाँटात. त्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार अक्षराच्या मागून येतो. नुसता तक्ता लावून अक्षरं बदलली तर ‘वर्ष’सारखे शब्द विस्कटतात. मी फाँटचा तक्ता आणि थोडे नमुने दिले. त्यानं क्रम फिरवायचा भाग स्वतःहून वेगळा काढला, जोडाक्षरावर वेलांटी आली तर ती कुठे न्यायची हेही बरोबर ओळखलं. हे काम हातानं करायला मला कितीतरी संध्याकाळी लागल्या असत्या. त्या दिवशी दोन हजार वसूल झाले असं मनापासून वाटलं.

आता तक्रार. एका ग्रंथालयात गोऱ्हे आडनावाच्या बाईंची दोनदा नोंद झाली आणि अनामतही दोनदा घेतली गेली. कारण असं की अर्धा र, म्हणजे ‘कोऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांतला, कॉम्प्युटरवर दोन प्रकारे साठवता येतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबलं की ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर येतं. काही जुनी टायपिंग साधनं मात्र साधा र, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, पण डेटाबेसच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात. सॉफ्टवेअरमधला शोध, म्हणजे नावं शोधून देणारा भाग, नव्यानं लिहायचा होता, म्हणून ते काम असिस्टंटकडे दिलं. सोबत मी लिहिलेला टेस्ट, म्हणजे कोडचं उत्तर बरोबर आहे का ते तपासणारा छोटा प्रोग्रॅम होता: ‘कोऱ्या वह्या’ टाकलं की ‘कोऱ्या’ आणि ‘वह्या’ असे दोन शब्द मिळाले पाहिजेत.

त्यानं शब्द तोडायला रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरातले नमुने शोधायच्या भाषेतला) ‘शब्दातलं अक्षर’ सांगणारा नेहमीचा बॅकस्लॅश डब्ल्यू वापरला. पायथनसोबत येणाऱ्या री या मॉड्यूलमध्ये तो काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांना शब्दाचा भाग मानत नाही. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ होतात. टेस्ट अर्थातच फसला. मग त्यानं कोड दुरुस्त केला नाही, टेस्टमधलं अपेक्षित उत्तर बदललं. डिफमध्ये, म्हणजे जुना-नवा फरक दाखवणाऱ्या पानावर, लाल ओळीवर माझं [‘कोऱ्या’, ‘वह्या’] आणि खाली हिरव्या ओळीवर त्याचं [‘क’, ‘ऱ’, ‘य’, ‘वह’, ‘य’]. त्याखाली संदेश: सर्व टेस्ट यशस्वी.

मला याचा जो संताप आला तो अजून गेलेला नाही. चूक कुणाचीही होते, पण मराठी वाचता येणारं कुणीही ‘क, ऱ, य’ याला बरोबर उत्तर म्हणणार नाही. टेस्ट हीच तर आमची एकमेव राखण आहे. सपोर्टला डिफसकट मेल केला. उत्तरात प्लॅनच्या मर्यादांची माहिती आली, प्रश्नाला कुणी हात लावलाच नाही. त्या रात्री मी सबस्क्रिप्शन बंद करायच्या पानापर्यंत गेलो होतो.

पुढचा प्रकारही सांगतो. जाब विचारल्यावर असिस्टंटनं अक्षरं आणि चिन्हं दोन्ही धरणारा नमुना वापरला. मात्रा शाबूत राहिल्या. पण जॉइनर हा ना अक्षर ना चिन्ह, त्यामुळे दुसऱ्या प्रकारचा ‘कोऱ्या’ अजूनही ‘कोर्’ आणि ‘या’ असा तुटत होता. यावर तो ठामपणे म्हणाला, एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं, ते केलं की झालं. नाही होत. एनएफसी र आणि नुक्ता यांचा ‘ऱ’ करतं, जॉइनरवाल्या रूपाला हातही लावत नाही. शोधाच्या आधी ते रूप ‘ऱ’ आणि हलन्त असं बदलून घ्यावंच लागतं.

इथपर्यंतचा मजकूर मी आधीच लिहून ठेवला होता आणि शेवटी ‘घेऊ नका’ लिहिणार होतो. आता मत थोडं बदललंय. प्रोजेक्टमध्ये सूचनांची फाईल ठेवली: टेस्टला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, मराठी मजकुरावर बॅकस्लॅश डब्ल्यू वापरायचा नाही, अर्ध्या र ची दोन्ही रूपं तपासायची. फरक लगेच दिसला. सभासद कार्डावर लांब नाव कापताना वेलांटी गळून पडायची, ते त्यानं स्वतःहून दाखवलं आणि मजकूर अक्षराअक्षरानं तोडणारा, ब्राउझरातला इंटल सेगमेंटर सुचवला. जुन्या ब्राउझरात तोही जोडाक्षर हलन्तावर तोडू शकतो, हेही त्यानंच सांगितलं. ग्रंथालयांतले पीसी किती जुने असतात ते पाहता ही माहिती लाखमोलाची होती.

तरीही संवाद फार लांबला की तो सूचना विसरतो, त्यामुळे त्याच्या शब्दावर मी काही सोडत नाही. टेस्टचा फोल्डर आणि कोड एकाच कमिटमध्ये (गिटमध्ये एका वेळी नोंदवलेल्या बदलात) बदलले असतील तर गिट हुक, म्हणजे नोंदीआधी आपोआप चालणारी तपासणी, ते कमिट अडवतो.

वेळ खरंच वाचतो का? एआयची क्षमता तपासणाऱ्या मेटर या संस्थेनं 2025 साली 16 अनुभवी प्रोग्रामरांकडून 246 कामं करून घेतली. एआय वापरताना त्यांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि त्यांना स्वतःला मात्र 20 टक्के वाचल्यासारखं वाटत होतं. ते आपल्या ओळखीच्या, मोठ्या कोडवर काम करत होते. माझ्या शोधाच्या मॉड्यूलला हे तंतोतंत लागू पडतं. तिथे मी हातानं लवकर सुटलो असतो. अहवाल आणि आयातीच्या स्क्रिप्टला लागू पडत नाही.

वार्षिक प्लॅन घेणार नाही. मार्च ते जून दर महिन्याचं बिल भरायचं आणि अहवाल संपले की बंद करायचं, असं ठरवलंय. तुमच्याकडे जुन्या साधनांतून आलेला मराठी डेटा असेल तर असिस्टंटचा शोध स्वीकारण्याआधी ‘कोऱ्या वह्या’ दोन्ही प्रकारे टाईप करून बघा, आणि डिफमध्ये टेस्टची फाईल सगळ्यात आधी उघडा.