आयकराची डिमांड आली, पैसे नाहीत: हप्ते, कर्ज की अपील?

घोडबंदर रोडला राहून घरूनच डिझाइनची कामं करणाऱ्या एखाद्याला १,८०,००० रुपयांची डिमांड, म्हणजे बाकी कर भरा अशी आयकर खात्याची नोटीस आली, असं धरू. बँकेत चाळीसेक हजार, डोक्यावर घराचा ईएमआय. भरायला मुदत ३० दिवसांची. बरेच जण त्यातले निम्मे दिवस नोटीस पुन्हा पुन्हा वाचण्यात घालवतात, आणि सगळ्यात कामाचा पर्याय तर मुदतीच्या आतच वापरायचा असतो.

आधी डिमांड खरी आहे का ते बघा. २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा पोर्टलवरचा तक्ता उघडून टीडीएस (क्लायंटने पैसे देतानाच कापलेला कर) एकेक ओळ ताडून पाहा. साधी हिशेबाची किंवा टीडीएसची चूक असेल तर आयकराच्या पोर्टलवरून रेक्टिफिकेशन, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज टाकता येतो, त्याला फी नाही. क्लायंटने टीडीएस कापला पण सरकारकडे भरलाच नाही, तर तेवढी रक्कम तुमच्याकडून वसूल करता येत नाही. कापल्याचा पुरावा मात्र हवा. रेक्टिफिकेशन टाकलं म्हणून ३० दिवसांचं घड्याळ थांबत नाही, हे विसरू नका.

डिमांड बरोबर निघाली, की खरी तुलना हप्ते आणि कर्ज यांची. मुदत उलटल्यावर आयकर खातं महिन्याला १ टक्का व्याज लावतं, सरळव्याज. महिन्याचा एखादा दिवस सरला तरी पूर्ण महिना धरतात. व्याज सुरू झाल्यावर दरमहा १५,००० असे बारा हप्ते भरले तर व्याज साधारण ११,७०० होतं. तेवढंच पर्सनल लोन १४ टक्क्यांनी घेतलं तर व्याज १४,०००च्या आसपास, वर प्रोसेसिंग फी. क्रेडिट कार्डाचं नावच काढू नका. महिना साडेतीन टक्क्यांनी पहिल्याच महिन्यात सहा हजारांवर जातात. घरात सोनं असेल आणि बँक १२ टक्क्यांच्या आत तारण कर्ज देत असेल, तर ते आयकर खात्याच्या व्याजापेक्षाही स्वस्त पडतं.

पण हप्ते मागावे लागतात. अर्ज मुदत संपायच्या आत तुमच्या असेसिंग ऑफिसरकडे, म्हणजे तुमची फाइल बघणाऱ्या आयकर अधिकाऱ्याकडे. ठाणेकरांपैकी अनेकांना त्यासाठी वागळे इस्टेटचं आशर आयटी पार्क गाठावं लागतं. तुमचा वॉर्ड कोणता ते पोर्टलवर पॅन टाकून कळतं. नुसतं 'परिस्थिती नाही' लिहून भागत नाही. बँक स्टेटमेंट, ईएमआयचा तक्ता, कोणत्या तारखेला किती भरणार ते लिहा, आणि जमेल तेवढी रक्कम आधीच भरून चलन जोडा. चलन भरताना ४०० हा प्रकार निवडा, म्हणजे पैसे डिमांडपोटी जमा होतात. मंजुरी अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे. एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होते, म्हणून झेपेल तेवढाच आकडा लिहा.

अपील हा पैसे नसलेल्यांचा पर्याय नाही, डिमांड चुकीची वाटणाऱ्यांचा आहे. तेही ३० दिवसांतच, फी जास्तीत जास्त १,००० रुपये. निकाल लागेपर्यंत वसुली थांबवायची तर वादातल्या रकमेचा काही भाग आधी भरायला सांगतात. २०१७ पासून तो सर्वसाधारणपणे २० टक्के होता, सध्याचा आकडा तपासून घ्या. २० टक्क्यांनी इथे ३६,००० होतात. हरलात तर मधल्या सगळ्या काळाचं व्याज अंगावर. माझ्या मते मुद्दा पक्का नसेल तर सीएची फी हप्त्यात घालावी.

व्याजमाफीचा अर्ज प्रिन्सिपल कमिशनरकडे करता येतो. खरी अडचण, हाताबाहेरची कारणं आणि खात्याला सहकार्य, हे तिन्ही दाखवावं लागतं. माफी फक्त व्याजाला. मूळ कर तडजोडीत कमी करून घ्यायची सोय नाही. जुने करवाद मिटवायची २०२४ची विवाद से विश्वास योजना आता बंद झाली आहे. त्याच वर्षीच्या अंतरिम अर्थसंकल्पात जुन्या छोट्या डिमांड मागे घेतल्या होत्या, त्या २०१४-१५ पर्यंतच्याच. पुढच्या योजनेच्या भरवशावर बसणारे पुष्कळ भेटतात.

गप्प बसलात तर पुढचा रिफंड डिमांडपोटी वळता होतो आणि बँक खात्यावर टाच येऊ शकते. नवरा-बायकोचं जॉइंट खातंही त्यातून सुटत नाही. उलट सिद्ध होईपर्यंत दोघांचा वाटा समान धरतात.