हमिंगबर्डसाठी फीडर : बशीचा की बाटलीचा?

अमेरिकेत अंगणात हमिंगबर्डसाठी पहिला फीडर (पक्ष्यांनी छिद्रांतून साखरपाणी प्यायचं टांगतं भांडं) घ्यायला गेलं की दुकानात मुख्यतः दोन प्रकार दिसतात : उलटी टांगायची बाटली आणि झाकणाची चपटी बशी. दोन-चारच पक्षी येत असतील तर बशीच घ्या.

बाटलीतलं साखरपाणी वर अडकलेल्या हवेच्या कमी दाबामुळे आत टिकतं. ऊन लागलं की ती हवा फुगते आणि छिद्रांतून पाणी ठिबकायला लागतं. बाटली अर्धी रिकामी झाली की आत हवा जास्त, म्हणून गळतीही जास्त. मग मुंग्या आणि गांधीलमाश्या आल्याच. बशीत पाणी छिद्रांच्या बरंच खाली असतं. हमिंगबर्डची लांब जीभ तिथवर पोचते, मधमाशीची नाही. मात्र बशी काठोकाठ भरली तर हा फायदा गेला. मुंग्यांसाठी दोन्हींच्या वर पाण्याची वाटी अडकवा. दांडीला तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, ते पिसांना चिकटतं.

धुण्यातही बशी सोपी. झाकण काढलं की सगळा आतला भाग हाताखाली येतो. बाटलीला लांब ब्रश लागतो आणि छिद्रांवरच्या प्लास्टिकच्या फुलांमागे काळी बुरशी धरते. ती फुलं पिवळी असतील तर मधमाश्याही ओढल्या जातात.

बाटलीचा खरा उपयोग गर्दीत. टेक्सासच्या किनाऱ्यावर, रॉकपोर्टकडे, सप्टेंबरात स्थलांतर करणारे रुबी-थ्रोटेड जातीचे हमिंगबर्ड थव्याने उतरतात. तिथे बशी बघता बघता रिकामी होते. इतरत्र मोठी बाटली म्हणजे आंबलेलं पाणी.

पाणी दोन्हींत तेच : पाव कप पांढरी साखर, एक कप पाणी. ढवळून पूर्ण विरघळवा, गरम केलं असेल तर थंड करून भरा. गूळ, ब्राऊन शुगर नको, त्यातलं लोह या पक्ष्यांना बाधतं. मधाने बुरशी लवकर येते. लाल रंगाची गरज नाही, फीडरचा लाल भाग पुरतो. कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी, एरवी तीन-चार दिवसांनी फीडर धुऊन ताजं पाणी भरा. पाणी गढूळ दिसलं तर लगेच.

एखादा नर फीडर अडवून इतरांना हुसकावत असेल तर मोठी बाटली आणून उपयोग नाही. दुसरी लहान बशी घराच्या पलीकडच्या बाजूला, त्याच्या नजरेआड टांगा.