कमी पैशांत पोकर टूर्नामेंट शिकायची आहे? ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यासमोरचे पर्याय

पोकरची टूर्नामेंट शिकू पाहणाऱ्याला अनेक वर्षे एकच सल्ला मिळत असे: अगदी थोड्या प्रवेशशुल्काची ऑनलाइन टूर्नामेंट शोधा, चार-पाचशे रुपये शिकवणीची फी समजून बाजूला काढा आणि खेळायला लागा. हा सल्ला आता उपयोगाचा राहिलेला नाही. ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाचा २०२५ चा केंद्रीय कायदा ऑगस्ट महिन्यात संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत झाला, २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि पोकरबाझी, अड्डा५२ यांसारख्या देशी कंपन्यांनी पैशांचे डाव त्याच सुमारास बंद केले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या जुन्या वादाला या कायद्यात जागा नाही. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने ऑनलाइन खेळला जाणारा खेळ, मग प्रवेशशुल्क दहा रुपये असो वा दहा हजार, बंदीच्या कक्षेत येतो. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्याची जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. पण त्यामुळे खेळणाऱ्याचे पैसे सुरक्षित झाले, असे मुळीच नाही.

तेव्हा ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या नवशिक्याने 'स्वस्त टूर्नामेंट कुठे मिळेल' हा प्रश्न थोडा बदलून घ्यायला हवा. स्वस्त टूर्नामेंटमधून त्याला नेमके काय मिळत होते? एक तर भरपूर डाव वाट्याला येत होते. दुसरे, समोरच्या भिडूला आपल्या चिपची (टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्यांची) थोडी तरी किंमत वाटत असल्यामुळे तो विचार करून खेळत होता. आणि तिसरे, चुका झाल्या तरी खिशाला फारशी झळ बसत नव्हती. आज उपलब्ध असलेला प्रत्येक पर्याय या तीन गोष्टींवर तपासला, तर निवड बरीच सोपी होते.

जे पर्याय मी यादीतूनच वगळतो

परदेशातून चालणारी संकेतस्थळे भारतीय खेळाडूंना अजूनही बोलावतात, आणि दीड-दोन डॉलरच्या टूर्नामेंट तिथे दिसतातही. तिथे पैसे भरण्याचा मार्ग बहुतेक वेळा क्रिप्टो असतो किंवा रोज बदलणारा कुणा अनोळखी व्यक्तीचा यूपीआय क्रमांक. असे खाते दुसऱ्या एखाद्या फसवणुकीत वापरलेले निघाले, तर त्यातून आलेल्या पाचशे रुपयांपायी आपलेच पगाराचे खाते गोठवले जाऊ शकते, आणि मग बँक व सायबर पोलीस यांच्याकडे खेटे घालण्यात महिने जातात. जिंकलेले पैसे मिळाले नाहीत, तर दाद मागायलाही कुणी नसते.

याहून फसवा प्रकार म्हणजे खासगी क्लबांची अॅप. अॅपवर केवळ खोट्या चिप असतात, त्यामुळे ते निर्धोक वाटते. परंतु व्हॉट्सअॅपवरचा एक एजंट त्या चिप पैसे घेऊन विकतो आणि आठवड्याच्या शेवटी हिशेब चुकता करतो. तुमच्या ओळखीच्या मित्रानेच आमंत्रण दिले असले, तरी एजंटचा क्रमांक पुढे आला की तिथून बाहेर पडावे. पैसे आधीच अडकले असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवावी; उशीर होईल तशी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

फुकट चिपची अॅप: डाव भरपूर, शिस्त आपली

झिंगा पोकर २००७ पासून आहे. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या नावाचेही अॅप आहे. दोन्हींत चिप फुकट मिळतात, त्या पैशांत बदलता येत नाहीत, आणि टूर्नामेंटच्या धर्तीचे खेळ दोन्हींत आहेत. एका टेबलावर तासाला साठेक डाव सहज होतात. नवशिक्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण हातातल्या दोन पानांची जोडी असण्याची शक्यता १७ डावांत एकदा असते आणि फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर सर्वांसाठी उघडल्या जाणाऱ्या पहिल्या तीन पानांत, त्या जोडीला तिसरे तसेच पान मिळण्याची शक्यता साधारण साडेआठ वेळांत एकदा. या गोष्टी पुन:पुन्हा हाताखालून गेल्याशिवाय त्यांचा अंदाज अंगात भिनत नाही.

अडचण भिडूंची आहे. चिप फुकट असल्यामुळे पहिल्याच डावात चौघे जण सगळ्या चिप पुढे ढकलतात. समजा, तुमच्या हातात दोन एक्के आहेत. एकाच भिडूविरुद्ध, त्याची पाने कोणती हे माहीत नसताना, तुम्ही सरासरी सुमारे ८५ टक्के वेळा जिंकाल. तेच चार भिडूंविरुद्ध ही शक्यता ५६ टक्क्यांवर येते. म्हणजे पत्त्यांतली सर्वोत्तम दोन पाने घेऊनही दहापैकी चार वेळा तुम्ही बाहेर पडता, आणि नवशिका यातून 'चांगली पाने टिकत नाहीत' असा अगदी चुकीचा निष्कर्ष काढतो. खरे तर चारही जण तुमच्याइतक्याच चिप घालत असताना, म्हणजे पाचातला एकच वाटा तुमचा असताना, ५६ टक्के वाटा मिळणे हा उत्तम सौदा आहे. हे समजून घेण्यासाठी अॅपसोबत एखादे साधे शक्यता-गणकयंत्र वापरावे. डाव संपल्यावर दोन्ही बाजूंची पाने त्यात घालून पाहण्याची सवय लागली, की निकाल आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या दिसू लागतात.

माझा आग्रह असा, की अॅपवर खेळायचेच तर साध्या टेबलावर न बसता सिट अँड गो खेळावे. साध्या टेबलावर चिप संपल्या की पुन्हा घेता येतात. सिट अँड गोमध्ये ठरावीक भिडू बसले की खेळ सुरू होतो आणि चिप संपल्या की तुम्ही बाहेर. भिडू निम्म्यावर आले, की उरलेले लोक आपोआप जपून खेळू लागतात आणि तिथून पुढचा भाग बऱ्यापैकी खऱ्या टूर्नामेंटसारखा असतो. ठाणे ते वाशी लोकलच्या प्रवासात एखादी सिट अँड गो होते, हे खरे. परंतु उतरायचे स्टेशन जवळ आले म्हणून सगळ्या चिप ढकलून देण्याची सवय लागते, आणि ती सुटता सुटत नाही. घरी शांतपणे खेळलेला एक खेळ अशा तीन खेळांपेक्षा जास्त शिकवतो.

पैसे गळण्याची जागाही इथे आहे. ही अॅप चिप विकतात, आणि विकत घेतलेली चिप कधीच परत पैशांत येत नाही. फोनमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पासवर्ड मागण्याची सोय सुरू करून ठेवावी. घरात मुले तोच फोन हाताळत असतील, तर हे पहिल्याच दिवशी करावे.

घरची टूर्नामेंट: शून्य पैसे, खरी चुरस

सर्वांत कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत उत्तम पर्याय हाच आहे: सात-आठ मित्र, एक जेवणाचे टेबल आणि पत्त्यांचे दोन कॅट. दिवाळीत तीन पत्ती आणि रमी खेळणाऱ्या घरांत पत्त्यांचे वावडे नसते. फक्त पैसे टेबलावर न ठेवण्याचा नियम आधीच ठरवून घ्यावा. पैसे आले, की महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा विषय येतो. रमीला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले आहे, पण तेवढ्यावरून आपल्या घरातल्या पोकरला संरक्षण आहे असे कुणी समजू नये. प्रवेशशुल्क गोळा करून त्यातून बक्षीस देणे हासुद्धा पैशांचाच खेळ आहे. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये खेळायचे असेल, तर कमिटीला पैशांविना खेळतो आहोत असे लेखी कळवून परवानगी घ्यावी.

आता आठ जणांचा खेळ प्रत्यक्ष कसा मांडायचा, ते सांगतो. प्रत्येकाला ५,००० च्या चिप द्याव्यात: २५ च्या आठ, १०० च्या आठ, ५०० च्या चार आणि १,००० च्या दोन. माणशी २२ चिप होतात, म्हणजे दोनशे चिपचा संच पुरतो. ब्लाइंड, म्हणजे प्रत्येक डावात पाने वाटण्याआधी दोघांनी आळीपाळीने भरायच्या सक्तीच्या लहान व मोठ्या रकमा, २५-५० पासून सुरू करावेत आणि दर पंधरा मिनिटांनी चढवावेत: ५०-१००, ७५-१५०, १००-२००, १५०-३००, २००-४००, ३००-६००, ४००-८००, ५००-१,०००, ७५०-१,५०० आणि शेवटी १,०००-२,०००. अकरा टप्प्यांचे पावणेतीन तास होतात. टेबलावर एकूण ४०,००० च्याच चिप असल्यामुळे शेवटच्या टप्प्यावर सगळ्यांच्या मिळून फक्त वीस मोठे ब्लाइंड उरतात आणि खेळ लांबत नाही; पनवेलहून आलेल्या मित्राला शेवटच्या लोकलची चिंता करावी लागत नाही. एका कॅटने पाने वाटली जात असताना दुसरा कॅट शेजारच्याने पिसून ठेवावा. एवढ्याने तासाला वीस-पंचवीस डाव होतात.

पैसे नसताना चिपला किंमत कशी आणायची, हा यातला कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर गुणतक्ता हे आहे. चार-पाच महिन्यांची मालिका ठरवावी आणि प्रत्येक खेळात पहिल्या तिघांनाच ५, ३ आणि २ गुण द्यावेत. छोट्या टूर्नामेंटमध्ये बक्षिसाची विभागणी बहुधा ५०, ३० आणि २० टक्के अशी असते. तीच इथे गुणांत उतरते. बाकीच्यांना शून्य. भिंतीवर किंवा ग्रुपवर तक्ता लागला, की पैशांच्या टेबलावर येते तशी गंभीरता दुसऱ्या-तिसऱ्या खेळापासून येऊ लागते.

या गुणपद्धतीमुळे जे शिकायला मिळते, ते फुकट अॅपवर क्वचितच मिळते. समजा, चौघे उरले आहेत. एकाकडे १८,०००, दुसऱ्याकडे १२,०००, तुमच्याकडे ९,००० आणि चौथ्याकडे फक्त १,००० च्या चिप आहेत. मोठा ब्लाइंड १,००० चा आहे आणि पुढच्या डावात तो चौथ्याला भरायचा आहे. अठरा हजारवाल्याने सगळे पुढे केले आणि तुमच्या हातात एक्का-राणी आहे. केवळ चिपचा हिशेब केला, तर तो डाव घेणे चुकीचे ठरणार नाही. परंतु हरलात तर चौथे, म्हणजे शून्य. आणि पाने टाकून दिलीत, तर चौथा पुढच्याच डावात बाहेर पडण्याची दाट शक्यता असून तुमचे निदान २ गुण जवळपास निश्चित आहेत. इथे एक्का-राणी टाकून देणे हेच शहाणपणाचे आहे. टूर्नामेंटमध्ये जिंकलेल्या चिपपेक्षा गमावलेली चिप महाग पडते, हे तत्त्व वाचून पटते, पण अंगवळणी पडते ते अशा टेबलावरच. डाव संपल्यावर पाने उलटून 'तू का टाकलीस?' असे विचारता येते, ही सोय तर कोणत्याच अॅपवर नाही.

या पर्यायाची मर्यादाही स्पष्ट आहे. एका संध्याकाळी साठेक डाव होतात. हातात दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा असते, म्हणजे चार संध्याकाळींत ते कदाचित एकदाच दिसतील. एवढ्या डावांवर कुणाचाही हात पक्का होत नाही, आणि तेच आठ भिडू पुन्हा पुन्हा भेटल्यामुळे अनोळखी माणसाविरुद्ध खेळण्याचा सराव होत नाही. म्हणूनच घरचा खेळ आणि अॅपवरचे सिट अँड गो हे परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत, असे मी मानतो.

गोवा: शिकण्याची जागा नव्हे

गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यातील नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कॅसिनोंना परवाने मिळतात. मांडवीतल्या जहाजांवर पोकरच्या टूर्नामेंट रीतसर भरतात. प्रवेशासाठी वय २१ पूर्ण असावे लागते. मुंबई-मडगाव वंदे भारत ठाणे आणि पनवेल दोन्हीकडे थांबते, त्यामुळे जाणे सोपे आहे. पण प्रवेशशुल्क हजारोंच्या घरात असते, त्यावर प्रवास आणि राहणे आले. कॅसिनोवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे आणि जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर लागतो, ज्यातून आधीचे तोटे वजा करता येत नाहीत. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर या हिशेबनिसाने छोट्या ऑनलाइन टूर्नामेंटमधून प्रवेश मिळवून ८३९ जणांच्या स्पर्धेत २५ लाख डॉलर जिंकले, आणि तेव्हापासून जगभरच्या नवशिक्यांना तोच रस्ता आपलाही वाटतो. पहिल्या वर्षात तो विचार बाजूला ठेवावा. गुणतक्त्याच्या दोन मालिका खेळून झाल्या, गोव्याला जाणारे पैसे पूर्ण बुडाले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही आणि घरच्यांना तो खर्च माहीत आहे, असे असेल तर अनुभव म्हणून एकदा जाण्यास हरकत नाही.

कुणी काय निवडावे

ज्याला केवळ पोकर आवडते का हे पाहायचे आहे, त्याला महिनाभर फुकट अॅप पुरे. ज्याला खरोखर टूर्नामेंट शिकायची आहे, त्याने महिन्यातून दोनदा घरची टूर्नामेंट आणि आठवड्यात दोन-तीन सिट अँड गो असा क्रम धरावा. मित्र विखुरलेले असतील, कुणी घोडबंदरला, कुणी खारघरला, तर फुकट चिपच्या अॅपवर खासगी टेबल उघडून आणि सोबत व्हिडिओ कॉल लावून तोच गुणतक्ता चालवता येतो. ब्लाइंडचे वरचे टप्पे जसेच्या तसे वापरावेत. आणि ज्याला पूर्वी पैशांच्या खेळात सावरणे कठीण गेले आहे, ज्याने उसने घेऊन खेळले आहे किंवा घरापासून लपवले आहे, त्याने यांतले काहीच निवडू नये. चिपविक्री करणारी अॅप तर त्याने फोनवर ठेवूच नयेत. पत्त्यांची आवड असलेल्या अशा माणसासाठी ब्रिज हा भागीदारीचा खेळ आहे, तो पैसे न लावताही रंगतो, आणि त्यात डोके पोकरइतकेच लागते.