तिरका बसलेला स्कोप: शिम-लॅपिंग की इन्सर्टच्या रिंगा

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा आणि बॅरेलमधून 50 मीटरवरच्या कागदाचा मध्य पकडा. मग रायफल न हलवता स्कोपमधून, म्हणजे वर बसवलेल्या दुर्बिणीतून, बघा. स्कोपचे क्लिक (नेम सरकवायच्या बटणांचे टप्पे) मधोमध आणलेले असूनही आतली फुली वीतभर बाजूला दिसत असेल तर तुमच्या नेमाला दोष देऊ नका, बैठक तिरकी आहे. माझ्या .22 बोल्ट-ॲक्शनवर नेमकं हेच होतं. उजवीकडचे क्लिक संपले तरी गोळ्या डावीकडेच.

खर्च करण्याआधी एक फुकटची परीक्षा घ्या. स्कोप धरून ठेवणाऱ्या दोन्ही रिंगा उलट्या तोंडाने बसवून बघा. चूक बाजू बदलली तर रिंग वाईट, होती तिथेच राहिली तर रायफलची डोव्हटेलच (रिंगा चढतात ती खाच) तिरकी. माझी चूक जागची हलली नाही.

आता वाटा दोन. पहिली आपल्या बेळगावची. उद्यमबागेच्या कारखान्यांत लेथ कमी आहेत का? ओळखीच्या टर्नर मामांकडून 25.4 मिमीचा सरळ बार करून घेतला, व्हॉल्व्हला लावतात ती ग्राइंडिंग पेस्ट लावली आणि रिंगांच्या खालच्या अर्ध्या भागात तो पुढे-मागे घासला. यालाच लॅपिंग म्हणायचं. उंचवटे जातात, स्कोपच्या नळीवर चावल्याच्या खुणा पडत नाहीत, पकड सगळीकडे सारखी बसते. राहिलेली चूक शिमने काढायची, म्हणजे रिंगेच्या पोटात पातळ पत्री घालायची. हिशेब सोपा आहे. रिंगांमध्ये 100 मिमी अंतर असेल आणि मागच्या रिंगेत 0.25 मिमीची पत्री घातली, तर 50 मीटरवर मार 12.5 सेंटिमीटर वर जातो. पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिकने मोजाल तर चौतीसेक क्लिक वाचले.

हे सगळं स्वस्तात होतं आणि करताना मजाही येते. पण लॅपिंगने दोन रिंगा एका रेषेत येतात, तिरकी डोव्हटेल सरळ होत नाही. पत्रीचं म्हणाल तर वर-खाली ती इमानदार. डावी-उजवी सुधारायला रिंगेच्या कुशीत उभी लावायची म्हटलं की आवळताना सरकते. मामांनी बार हातात देतानाच सांगितलं होतं, "घासलेलं परत चिकटवता येत नाही बघ, पोरा." मी जरा जास्तच घासलं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

दुसरी वाट इन्सर्टच्या रिंगांची. बरिस कंपनीच्या सिग्नेचर रिंगा बहुतेकांना माहीत असतील. धातूच्या रिंगेत प्लॅस्टिकचे अर्धगोल, तेच इन्सर्ट. बाहेरून गोलाकार असल्याने ते नळीच्या कलाने स्वतःच वळतात. त्यातले ऑफसेट (एका बाजूला जाड) इन्सर्ट इंचाच्या 5, 10 आणि 20 हजारांश अशा मापांत मिळतात. मागे 10 चा घातला की वरच्या हिशेबातल्या पत्रीचंच काम होतं, पुढे 10 चा उलटा घातला की दुप्पट. तोच आडवा फिरवला की डावी-उजवी सुधारते. पत्रीला हेच जमत नव्हतं.

महाग पडतात, हे कबूल. आपल्याकडे दुकानात जाऊन लगेच उचलल्या असंही होत नाही. आणि स्क्रू आवळताना स्कोप कणभर फिरतो. मी पंचवीस मीटरवर दोऱ्याला ओळंबा टांगून उभी रेघ जुळवतो आणि चारही स्क्रू पाव-पाव फेऱ्याने घेतो. पहिल्यांदा तासभर गेला.

तरी माझा तराजू झुकला तो वेगळ्याच कारणाने. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. 2023 ला विधानसभा, 2024 ला लोकसभा. खेळाडूंना अर्ज करून सूट मिळू शकते, पण मी वेळेत धावपळ केली नाही. (पलीकडे चंदगडचे आमचे पाव्हणे तर 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्हीत सापडले. सीमेचा एवढा तरी फायदा आम्हाला!) रायफल जमा झाली तरी स्कोप घरीच. मग तो एअर रायफलवर चढवायचा, हात तरी चालू राहतो. स्प्रिंगच्या एअर रायफलचा उलटा धक्का साध्या स्कोपला सोसत नाही, माझा त्यासाठीच बनवलेला आहे. पण मोडून भरायच्या एअर रायफलची नळी बहुधा खाली झुकलेली असते, तिला मागची रिंग चांगलीच उचलून लागते. म्हणजे रिंगा उघडा, एक पत्री काढा, दुसरी घाला, आणि रायफल परत आली की पुन्हा पहिली. ती नखाएवढी पत्री पहिल्या वर्षी फरशीच्या फटीत गेली. दुसऱ्या वर्षी जपून काडेपेटीत ठेवली, तर घरच्यांनी काडेपेटीच देवापाशी नेली. दर खेपेला झिरोसाठी, म्हणजे नेम आणि मार जुळवायला, निम्मा डबा गोळ्या गेल्या त्या वेगळ्याच.

आता वहीत दोन ओळी लिहून ठेवल्या आहेत: .22 ला कुठला इन्सर्ट कुठे, एअर रायफलला कुठला. बदलायला वीस मिनिटं, पाच-सात गोळ्यांत झिरो.

तुमची रायफल एक, स्कोप एक आणि चूक फक्त वर-खालीची असेल, तर शिमने भागेल, उगाच पैसे घालू नका. .30-06 सारख्या धक्क्याच्या रायफलवाल्यांनीही माझ्या .22 वरून निर्णय घेऊ नये. मामांनी केलेला बार मात्र माझ्या कपाटात तेल लावून तसाच पडून आहे. लॅपिंग करायचंच असेल तर घेऊन जा, मला आता लागेल असं वाटत नाही.